यादीतली बारावी बाई

मंगळवार, ४ फेब्रुवारी

निवृत्तीला आठ महिने उरले. तेवढे तरी टिपून ठेवावेत म्हणून ही वही आणली आणि पहिल्याच पानावर रडगाणं लिहायची वेळ आली.

महापालिकेतल्या नव्या मॅडमनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. "भाऊसाहेब, आपल्या शहरात पुतळे किती?"

मी फाईल न बघता सांगितलं, एकतीस. उद्यान आणि स्मारके विभागात सव्वीस वर्षं काढली, एवढं तोंडपाठ असणारच.

"त्यात बायका किती?"

"एक. बाजारातल्या कारंज्यावरची. घडा घेऊन उभी आहे."

"तिचं नाव काय?"

"मॅडम, ती कारंज्याची बाई. तिला नाव कशाला असेल?"

त्या हसल्या नाहीत. जिना उतरताना मलाही ते हसण्यासारखं वाटलं नाही.

तर काम असं. जुन्या पंपघरासमोरच्या चौकात बारा दगड बसवायचे. या शहरासाठी काहीतरी करून गेलेल्या आणि विसरल्या गेलेल्या बारा बायका. प्रत्येकीचं नाव, खाली तिच्या कामाच्या दोन ओळी. यादी पंधरा दिवसांत हवी. मी विचारलं, विसरल्या गेल्यात तर सापडतील कशा? म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

याला स्तुती म्हणायची की शिक्षा, कळेना. घरी येऊन आत्याला सांगितलं. आत्या चौऱ्याऐंशीची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून हिनेच मला वाढवलं. पस्तीस वर्षं पोस्टात पत्रं लावण्याचं काम केलं. ती म्हणाली, "बाराच? कमी पडतील." तिला काय जातंय बोलायला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सात झाल्या. एक सुईण, तिने चार हजार बाळंतपणं केली आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. एक गटारांचे नकाशे काढणारी. एकीने नदीवरच्या पुलाचा आराखडा काढला, खाली सही मात्र तिच्या नवऱ्याची. रोज मी त्या पुलावरून ऑफिसला येतो. आज येताना कठड्याला उगाच हात लावून बघितला. कुणी पाहिलं नसावं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

यादी दिली. खरं काय ते या वहीत तरी लिहावं. अकराच मिळाल्या होत्या. तीन वाजेपर्यंत वाट पाहिली, दोन जुन्या शाळांना फोन केले, वाचनालयात माणूस पाठवला. चारला मॅडमचा निरोप आला, यादी पाठवा. अकरा नावं असलेला कागद घेऊन उभं राहायचं आणि त्यांचा तो चेहरा बघायचा, हे माझ्याच्याने होईना.

बारावी मी घरातून काढली. म्हणजे डोक्यातून. पहिलं नाव आमच्या टायपिस्टच्या आईचं, आडनाव माझ्या दातांच्या डॉक्टरचं. काम काय लिहावं याचा विचार करायला बसलो, तर पेन आपोआप चालू लागलं. पाणीखात्यात नमुन्याच्या बाटल्या धुणारी एक बाई. साथीच्या दिवसांत कानामागे खडू अडकवून गल्लीतून फिरते आणि खराब पाण्याच्या नळांवर फुल्या मारते. पाच मिनिटांत झालं. खोडाखोड नाही. माझ्यात एक लेखक दडला होता म्हणायचा, फार उशिरा बाहेर आला.

बारा दगडांत एक खपून जाईल. सगळे थांबून वाचतात थोडेच?

गुरुवार, २० फेब्रुवारी

खपून गेली नाही. मॅडमना बारावीच सगळ्यांत जास्त आवडली. "भाऊसाहेब, ही कुठे सापडली तुम्हाला?" मी म्हटलं, जुन्या कागदांत. त्या म्हणाल्या, हिचा दगड सगळ्यांत पुढे, चौकातल्या नळाजवळ, आणि पाथरवटाला सांगा पहिला तोच कोरायला. वाचताना त्यांचे डोळे भरून आले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. या बारावीपायी माझी नोकरी बाराच्या भावात जायची.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

यादी हरकती आणि सूचनांसाठी आज पेपरात आली. आत्या पेपर हातात घेतला की पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचते, तेही भिंग लावून. मी मोजे घालत होतो.

"बाळ, ही बारावी."

"हं."

"काम हिचंच आहे. नाव हिचं नाही."

मोजा हातातच राहिला. "कुणाचं काम?"

"बाटल्यावालीचं. आपल्या जुन्या घरासमोर राहायची ती. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची. कुठल्या नळाचं पाणी बिघडलंय ते तिला तिथे त्याच दिवशी कळायचं, आणि छापील नोटीस लागायला आठवडा. मग कामावरून येता येता ती फुल्या मारत यायची. तुझा बाप चार वर्षांचा होता. पेला भरून तोंडाला लावणार, तेवढ्यात तिने तो हातातून उडवला. तुला भरवताना शंभर वेळा सांगितलंय. एक बाई होती, तिच्या कानामागे खडू होता. शाळेतले खडू होते ते, पांढरे."

"मला वाटायचं ती गोष्ट आहे."

"गोष्टच आहे. घडलेली."

"मग तेव्हा तिचं नाव का नाही सांगितलंस?"

आत्याने भिंग पदराने पुसलं. बराच वेळ पुसलं. "एकदा सांगितलं होतं. मग पुन्हा नाही सांगितलं."

मला काही कधी सांगितल्याचं आठवत नाही. या वयात व्हायचंच असं. पण आज तिने नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, न अडखळता. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला आठवत नाही, आणि हे मात्र जिभेच्या टोकावर.

"बदलून घे," म्हणाली. एरवी ती माझ्याकडे काही मागत नाही.

रविवार, २ मार्च

सुट्टी असून सुट्टीसारखं वाटलं नाही. बाई खरी निघाली, तेव्हा निम्मं पाप धुतलं गेलं असं मनाला समजावतोय. उरलेल्या निम्म्याचं काय? नाव बदलायचं तर आधीचं कुठून आलं हे सांगावं लागेल. नाही बदललं तरी बिघडतं कुठे? काम तिचंच लिहिलंय. वाचणारे काम बघतील, नावाशी कुणाला काय?

हे सगळं मी बायकोला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही सात महिन्यांनी रिटायर व्हाल तेव्हा निरोपाच्या भेटवस्तूवर दातांच्या डॉक्टरचं आडनाव घातलं तर चालेल तुम्हाला?"

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

बुधवार, ५ मार्च

पाथरवटाच्या कारखान्यात जाऊन आलो. बारावा दगड घासून तयार आहे, काळा, आरशासारखा. पेन्सिलीने अक्षरं आखून ठेवलीत. इतकी सुरेख अक्षरं आणि सगळी खोटी. त्याने आखणीचा कागद पुढे केला. "भाऊसाहेब, नाव तपासा आणि इथे सही करा. उद्या छिन्नी लावतो. छिन्नीला खोडरबर नसतो."

सव्वीस वर्षं मी न वाचता सह्या केल्या. आज वाचलं आणि सही करता येईना. चष्मा विसरलो असं सांगितलं. चष्मा नाकावरच होता. तो म्हणाला, "मग आधी सुईणबाईंचा घेतो. तुमचा चष्मा मिळाला की सांगा."

गुरुवार, ६ मार्च

सांगितलं. सकाळी दहा दहाला, चहा यायच्या आत. वाटेत काय काय वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक वेळेवर आलं नाही. म्हटलं, "मॅडम, बारावी मी बनवली."

मग मी सगळं सांगितलं, टायपिस्टच्या आईपासून आत्याच्या भिंगापर्यंत.

"तुमच्याकडे अकरा होत्या, तर अकरा आहेत असं सांगायचं."

"तुम्ही बारा म्हणाला होतात."

"मी बारा म्हणाले, कारण चौकात बारा जागा आहेत. एक रिकामी ठेवली असती, भाऊसाहेब. रिकाम्या दगडालाही अर्थ असतो. खोट्या दगडाला काय अर्थ?"

त्यांनी लेखी खुलासा मागितला. तो मी तिथेच बसून लिहिला, एकच पान झालं. मग म्हणाल्या, "आत्याबाईंवर माझा विश्वास आहे. पण एकदा फसले. आता कागद हवा. कागद मिळाला तर ती राहील, नाही मिळाला तर जागा रिकामी."

बाहेर आलो तर पाय हलके वाटले. म्हणजे भीती गेली असं नाही. पण आता लपवायचं काही उरलं नव्हतं. टायपिस्टला तिच्या आईची तब्येत विचारली. बरी आहे म्हणाली.

मंगळवार, ११ मार्च

तीन दिवस तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये. रेकॉर्डवाला आणि मी, दोघंही धुळीने माखलेले, शिंकांची जुगलबंदी. पाणीखात्याच्या नेमणुका बघितल्या, पगाराचे तक्ते बघितले. कुठे नाही. बाटल्या धुणारीला पगारपत्रकात नाव नसतं, नुसतं "रोजंदारी, एक" असतं.

दुपारी रेकॉर्डवाला म्हणाला, "नेमणुकीत नाही, तर काढून टाकलेल्यांत बघू या का? आपल्याकडे माणूस घेताना नाव विसरतात, काढताना बरोबर लिहितात."

आणि तिथे होती. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वीचा हुकूम. आत्याने सांगितलं तेच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच आडनाव. मी ते तीन वेळा वाचलं. रेकॉर्डवाल्याने विचारलं, "भाऊसाहेब, बसता का जरा?" बसलो.

हुकूम उतरवून घेतला, तो असा: "सदर बाईने प्रयोगशाळेतील निष्कर्ष जाहीर होण्यापूर्वी बाहेर फोडले व सात नळांवर खडूने खुणा करून जनतेत घबराट पसरविली. गल्लीतील एका शाळकरी मुलीने चौकशीत तिचे पूर्ण नाव सांगितल्यावरून ओळख पटली. सबब सेवेतून कमी करण्यात येत आहे."

त्याच फाईलमध्ये पुढचं पान सहा दिवसांनंतरचं, छापील नोटीस. नळ बंद करण्यात येत आहेत. मी मोजले. सात.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. म्हणाल्या, "आपणच काढलं तिला." मग मला म्हणाल्या, "दगड कोरू द्या. तुमच्या सेवापुस्तकात एक ताकीद जाईल, ती जाईलच." मी म्हटलं, जाऊ द्या. जीव अगदी भांड्यात पडला. एवढी गोड ताकीद कुणाला मिळाली नसेल.

गुरुवार, १३ मार्च

आज हुकमाची नक्कल आत्याला वाचून दाखवली. तिला आनंद होईल वाटलं होतं. नाव जुळलं हे ऐकून ती हसलीही. मग मी पुढचं वाचलं आणि म्हटलं, "बघ, गल्लीतल्याच कुठल्या तरी कार्टीने चहाडी केली. तिने तोंड बंद ठेवलं असतं तर बिचारीची नोकरी वाचली असती."

आत्या जेवण अर्धं टाकून उठली, पाठ दुखते म्हणाली. ही माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच कुणाची नोकरी घालवलीय. विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. तुम्ही मोठ्याने वाचत जाऊ नका."

पाठीला मलम आणून ठेवलंय.

मंगळवार, १८ मार्च

आत्याचं खाणं कमी झालंय. डॉक्टर म्हणतात, काही नाही, वय आहे. पेपर तसाच घडी घातलेला पडून असतो. आज मी म्हटलं, शुद्धिपत्रक छापून आलंय, बारावीचं बरोबर नाव आहे. तेवढं तिने भिंग लावून वाचलं. मग विचारलं, "तिच्या घरचं कुणी आलं का रे?"

"नाही अजून."

"आलं तर घरी घेऊन ये. आणि नाही आलं तरी चालेल," म्हणाली.

गुरुवार, २७ मार्च

आलं. सकाळी टेबलासमोर पन्नाशीच्या एक बाई उभ्या. चष्म्याच्या दुकानात काम करतात, हातात शुद्धिपत्रकाचं कात्रण. "हे माझ्या आजीचं नाव आहे," म्हणाल्या. "तुम्हाला कुठून मिळालं?"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना थेट घरी घेऊन आलो. आत्या खिडकीशी बसली होती. मी ओळख करून दिली, बाटल्यावालीची नात. आत्याने उठायचा प्रयत्न केला, पण उठवेना. नातीनेच तिच्याजवळ खुर्ची ओढली.

चहा झाला. आजी पुढे काय करत होती, असं हिने विचारलं. नात म्हणाली, दोन महिने हाल झाले, मग एका दवाखान्यात लागली. तिथेही बाटल्याच, पण औषधांच्या. पुढे कंपाउंडर झाली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेली, शेवटपर्यंत खणखणीत.

मग आत्याने विचारलं. आवाज इतका बारीक की मला आधी कळलंच नाही. "नोकरी गेली त्याबद्दल काही बोलायची का?"

नात हसायला लागली. "सारखी. तिची आवडती गोष्ट होती ती. साहेब गल्लीत आले, एकेकाला विचारलं, फुल्या कोण मारतं? मोठी माणसं सगळी गप्प. तेवढ्यात एक छोटी मुलगी पुढे आली. मान ताठ. तिला वाटलं, बक्षीस द्यायला आलेत. आणि तिने आजीचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरी द्यावी तसं. आजी म्हणायची, सगळी गल्ली मला बाटल्यावाली म्हणायची. माझं नाव इतक्या थाटात त्याआधी कुणी घेतलं नव्हतं, नंतरही नाही घेतलं."

"तिला राग नाही आला?"

"त्या मुलीचा? छे. नोकरी जाणारच होती म्हणायची, फुल्या काय लपून राहतात? उलट तिला त्या मुलीला भेटायचं होतं. घरचे लगेच दुसरीकडे राहायला गेले, ते राहूनच गेलं. ती मुलगी उगाच मनाला लावून घेईल, याचंच आजीला वाईट वाटायचं. खडूसुद्धा तीच शाळेतून आणून द्यायची म्हणे, खिशात लपवून."

आत्याने तिचा हात धरला. तसाच धरून ठेवला. नातीने एकदा आत्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. मग तिने दुसरा हातही वर ठेवला.

मी म्हटलं, "ती मुलगी आता हयात असेल की नाही कुणास ठाऊक. असती तर दगडाच्या कार्यक्रमाला बोलावली असती." हिने मला स्वयंपाकघरात बोलावलं, वरच्या फळीवरचा डबा काढून द्या म्हणून. वरच्या फळीवर डबा नव्हता. तसं सांगितलं तर म्हणाली, "मग शोधा. सावकाश शोधा."

पंधरा मिनिटं शोधला. बाहेर आलो तर दोघींचे डोळे लाल आणि चेहरे मात्र असे, जणू लांबचा प्रवास करून घरी पोचल्यात. आत्या म्हणाली, "बाळ, भूक लागली. काय आहे ते वाढा." दोनदा मागून घेतलं.

मलमाचा गुण आला म्हणायचा.

शनिवार, २९ मार्च

आत्या रोज पेपर वाचतेय. आज मला छपाईच्या चार चुका दाखवल्या. हिला विचारलं, आत्या अचानक अशी बरी कशी झाली? ही म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नाही?" मी म्हटलं, काय? तिने इस्त्रीची पिन लावली. मग म्हणाली, "तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल." आणि इस्त्रीला लागली. विचारून उपयोग नाही. आत्या बरी आहे, मला तेवढं पुरे.

रविवार, ६ एप्रिल

झालं एकदाचं. सकाळी नऊ वाजता, ऊन चढायच्या आत. भाषणं दोनच, दोन्ही आटोपशीर. मॅडमनी मला पुढे बोलावलं नाही. बरं केलं.

बारावा दगड नळाजवळ आहे. पाथरवटाने नाव खोल कोरलंय, बोट फिरवलं की अक्षर लागतं. खालच्या दोन ओळी मीच लिहिलेल्या, फक्त शेवटी मॅडमनी चार शब्द घातले: "आणि त्यासाठी नोकरी गमावली." एका नगरसेवकाने कुरकुर केली, आपली चूक आपणच दगडावर कशाला? मॅडम म्हणाल्या, फाईलमध्ये आहेच, दगडावर वाचायला सोपी पडेल.

कापड काढायचा मान नातीचा होता. ती म्हणाली, आत्याबाई काढतील. मी व्हीलचेअर पुढे नेली. आत्याने कापड ओढलं आणि तिथे बसून ते नाव मोठ्याने म्हटलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मान ताठ. माइक नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नात रडत होती. ही रडत होती. मला मात्र इतकं मोकळं वाटत होतं की रडायचं सुचलंच नाही.

गर्दी पांगल्यावर मी व्हीलचेअर फाटकाकडे वळवली. आत्याने चाकावर हात ठेवून थांबवलं.

"या बाकीच्या अकरा तरी खऱ्या आहेत ना?"

"खऱ्या आहेत गं. कागद आहेत सगळ्यांचे."

"मग वाचून दाखव. सगळ्या. भिंग घरी राहिलंय."

ऊन चढलं होतं. मी म्हटलं, "फक्त नावं वाचतो."

"नावंच वाच. पण नीट वाच. घाई करू नको."

सुईणबाईंच्या दगडापासून सुरुवात केली. एकेका दगडापाशी थांबून मी नाव वाचायचो आणि आत्या ते माझ्या मागून म्हणायची. अकरा दगडांना पाऊण तास लागला.